गाडीचे इंधन बदलण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपाशी उभे राहणाऱ्या प्रत्येकास तिचे जाते दिसते. परंतु कोसांवरच्या डोंगरातून खापरी नळांनी पाणी खेळवत आणणारी आणि ते उंचावरून चक्कीच्या पंख्यावर सोडणारी नहर जमिनीच्या पोटात असल्यामुळे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः त्या चक्कीचे सारे सामर्थ्य नहरीत होते. पाणी आटले असते, तर उत्तमातले उत्तम जातेही निव्वळ दगड होऊन पडले असते.

वाहनाच्या इंधनाचेही नेमके हेच आहे. गाडी सीएनजीवर चालणारी घ्यावी की विजेवरची, जुन्या गाडीस किट बसवल्यास कायद्याची हरकत येते काय, पेट्रोलमधील इथेनॉलमुळे इंजिनाची खराबी होते काय, सोसायटी चार्जिंगची परवानगी नाकारीत असेल तर दाद कोठे मागावी, असे प्रश्न वाचकांकडून वारंवार येतात. त्या बहुतेक प्रश्नांत गाडीविषयी पुष्कळ असते आणि इंधन रोज कोठून, किती आणि किती खात्रीने मिळणार याविषयी फार थोडे असते. म्हणून या लेखात आपण जात्याकडे नंतर आणि नहरीकडे आधी पाहणार आहोत.

प्रथम आपली धाव मोजा

कोणत्याही विक्रेत्याच्या दालनात पाऊल टाकण्यापूर्वी एक साधी वही करावी आणि सलग एक महिना गाडीच्या किलोमीटरची रोज रात्री नोंद ठेवावी. अंदाज बहुधा चुकतो. आठवड्यातून एकदा झालेला लांबचा प्रवास मनात मोठा होऊन बसतो आणि रोजची चार-सहा किलोमीटरची ये-जा विसरली जाते. वहीत पुढील गोष्टी असाव्यात:

- रोजची सरासरी धाव. सिडकोतून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन येणाऱ्याची ती पस्तीस-चाळीस किलोमीटर भरेल, पैठणहून शहरात ये-जा करणाऱ्याची शंभराच्या घरात जाईल, तर गुलमंडीवर दुकान आणि औरंगपुऱ्यात घर असणाऱ्याची पाच किलोमीटरही होणार नाही.
- महिन्यातील सर्वांत लांबचा प्रवास. अजिंठ्यास जाऊन येणे म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर. पुण्यास नुसते पोहोचणे म्हणजे सव्वादोनशेहून अधिक.
- रात्री गाडी जेथे उभी राहते ती जागा: स्वतःच्या आवारात, सोसायटीच्या वाहनतळावर की रस्त्यावर.
- रोजच्या वाटेवर, वाट वाकडी न करता लागणारे सीएनजी पंप व चार्जिंगची ठिकाणे, आणि आपण ज्या वेळी तेथून जातो त्या वेळी तेथे असणारी रांग.

ही चार उत्तरे हाती आली की निर्णयाचा तीन-चतुर्थांश भाग आपोआप झालेला असतो.

पर्याय कोणते, आणि कोणता कोणास

*इथेनॉलमिश्रित पेट्रोल.* हा पर्याय आपण निवडत नाही, तो पंपावरच आपल्या टाकीत येतो. २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात विक्रीस आले आणि पुढे सर्वत्र पसरले. १ एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणास सोसतील असे केलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांविषयी नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला होता, की निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणास जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी व दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. याचे कारण गूढ नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या गाडीच्या मालकाने करावयाचे ते एवढेच: उत्पादकाच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाच्या आत कोणते मिश्रण लिहिले आहे ते पाहावे, रबरी नळ्या व गास्केट सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावीत आणि, इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्यामुळे, पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीनिशी महिना-महिना उभी ठेवू नये.

*सीएनजी.* रोज चाळीस किलोमीटरहून अधिक धावणाऱ्यांस, आणि ज्यांना कधीतरी लांबचा पल्लाही गाठावा लागतो त्यांस, हा मधला मार्ग सोयीचा पडतो, कारण सीएनजी संपला तरी पेट्रोलची टाकी हाताशी असते. २०१८ साली झालेल्या नगर-वायू वितरणाच्या नवव्या फेरीत अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, या दोन जिल्ह्यांचे काम भारत पेट्रोलियम समूहाकडे आले. राज्य शासनाने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. दुचाकीस्वारांपुढेही हा पर्याय आहे: ५ जुलै २०२४ रोजी बजाज ऑटोने सीएनजीवर धावणारी जगातील पहिली मोटारसायकल बाजारात आणली. तिच्यात २ किलो सीएनजी आणि २ लिटर पेट्रोल मावते.

*ऑटो एलपीजी.* शहरातील रिक्षांना हा वायू परिचित आहे. तो अधिकृत पंपावरच भरावा. घरगुती सिलिंडरमधून गाडीत वायू उतरवणे हा जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखालील अपराध तर आहेच, शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला वायू जमिनीलगत साचून राहतो आणि एका ठिणगीने साऱ्या गल्लीवर प्रसंग ओढवतो.

*वीज.* ज्यांची धाव ठरावीक आहे, ज्यांची गाडी रात्री स्वतःच्या जागेत उभी राहते आणि ज्यांना प्लगपर्यंत वायर सुरक्षितपणे नेता येते, त्यांच्यासाठी विजेच्या गाडीइतकी स्वस्त धाव दुसरी नाही. गाडी रस्त्यावर उभी करणाऱ्याने मात्र घाई करू नये. घरी चार्जिंग नसेल, तर बचतीचा मोठा भाग सार्वजनिक चार्जिंगच्या चढ्या दरात विरून जातो.

*हायब्रिड.* पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकत्र असलेली ही गाडी बाहेरून चार्ज करावी लागत नाही, शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या धावेत ती पेट्रोल वाचवते. परंतु इंधन पेट्रोलच राहते आणि किंमत चढी असते. धाव मोठी आहे पण घरी चार्जिंगची सोय नाही, अशांनी तिचा विचार करावा.

हायड्रोजन आणि शंभर टक्के इथेनॉलवरील गाड्यांची वृत्ते आपण वाचत असाल. आज गाडी घेणाऱ्या सामान्य कुटुंबाने त्यांची वाट पाहत थांबण्याचे प्रयोजन नाही.

हिशेब कसा मांडावा

जाहिरातीतील मासिक बचतीच्या आकड्यावर विसंबू नये. स्वतःचा हिशेब स्वतः मांडावा. खालील दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत, त्यांच्या जागी आपण त्या दिवसाचे दर घालावेत.

1. *प्रति किलोमीटर खर्च काढा.* पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. सीएनजी ९० रुपये किलो आणि तीच गाडी किलोला साडेबावीस किलोमीटर देत असेल, तर ४ रुपये. फरक ३ रुपयांचा.
2. *जादा भांडवल त्या फरकाने भागा.* किटचा खर्च ६०,००० रुपये धरल्यास तो २०,००० किलोमीटर धावल्यावर वसूल होतो. रोज ६० किलोमीटर धावणाऱ्यास त्याला अकरा महिने लागतील. रोज १५ किलोमीटर धावणाऱ्यास साडेतीन वर्षांहून अधिक. गाडी एकच, किट एकच, निर्णय मात्र दोघांचे वेगळे.
3. *विजेच्या स्कूटरचाही असाच ताळा करा.* लिटरला ५० किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर किलोमीटरला २ रुपये १० पैसे खाते. भिंतीवरच्या प्लगमधून ३ युनिट घेऊन ९० किलोमीटर जाणारी स्कूटर, युनिट १० रुपयांना धरले तरी, किलोमीटरला ३३ पैशांत धावते. किमतीतील फरक २५,००० रुपये असेल, तर सुमारे १४,००० किलोमीटरांत तो भरून निघतो.
4. *न दिसणारे खर्च मिळवा.* कर्जाचे व्याज, विमा, सीएनजी सिलिंडरची मुदतीची चाचणी, घरातील वायरिंग व अर्थिंग, आणि हमीची मुदत संपल्यावर बॅटरी बदलण्याची संभाव्य रक्कम, हे सारे खर्चाच्या बाजूस मांडावे. वर्षाला काही हजार किलोमीटरच धावणारी गाडी असेल, तर आहे तीच गाडी नीट राखणे हाच बहुधा शहाणपणाचा निर्णय ठरतो.

जुन्या गाडीस सीएनजी किट बसवायचे असल्यास

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या इंधनात केलेला बदल आरसीवर नोंदवणे बंधनकारक आहे. नोंदणी दाखल्यावर पेट्रोल आणि गाडीत सीएनजी अशी स्थिती असेल, तर ती गाडी कायद्याच्या दृष्टीने सदोष ठरते. पुढील क्रम मोडू नये:

1. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास प्रथम बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे.
2. आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी आणि तिच्या प्रदूषण-मानकासाठी मंजूर झालेलेच किट निवडावे. एका गाडीसाठी मंजूर झालेले किट दुसऱ्या गाडीस चालतेच असे नाही. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना किट बसवण्याची तरतूद केंद्राने २०२२ साली केली आहे. म्हणून “नव्या गाडीला किट बसतच नाही” हे म्हणणे जसे खोटे, तसे “कोणतेही किट चालते” हेही खोटे.
3. काम अधिकृत केंद्रातच करून घ्यावे. किटचा मंजुरी क्रमांक, सिलिंडरचा क्रमांक व चाचणीची तारीख लिहिलेले प्रमाणपत्र आणि कराची पक्की पावती हाती घ्यावी.
4. प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या एमएच-२० च्या दफ्तरी, विहित मुदतीत अर्ज करून गाडीची तपासणी करून घ्यावी आणि आरसीवर इंधनाची नवी नोंद झाल्याची खातरजमा करावी.
5. विमा कंपनीस लेखी कळवून पॉलिसीवर किटची नोंद करून घ्यावी. ही पायरी सर्वांत अधिक वगळली जाते, आणि अपघातानंतर दावा अडतो तो बहुधा येथेच.
6. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी आणि चाचणीची तारीख दाखवणारी कम्प्लायन्स प्लेट गाडीवर ठेवावी. वायू सुमारे २०० बार दाबाने भरला जातो. एवढा दाब पेलणारे भांडे तपासणीविना वापरणे म्हणजे कुटुंबाचा जीव पणास लावणे होय.

नवी गाडी घेत असाल आणि तिचा कारखान्यातून आलेला सीएनजी प्रकार मिळत असेल, तर तोच घ्यावा. कागदपत्रांचा हा सारा व्याप वाचतो आणि उत्पादकाची हमी अबाधित राहते. खासगी सीएनजी व एलपीजी चारचाकींवरील ७ ते ९ टक्क्यांचा मोटार वाहन कर राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एका टक्क्याने वाढला आहे, हे मात्र हिशेबात धरावे.

पंपाविषयी एक गोष्ट समजून घ्यावी. काही पंप थेट वाहिनीस जोडलेले असतात, तर काहींना ट्रकवरील सिलिंडरांतून वायू पोहोचवला जातो. दुसऱ्या प्रकारच्या पंपावर साठा उतरू लागला की दाबही उतरतो, आणि टाकी पूर्ण भरत नाही. म्हणून आपल्या वाटेवरचा पंप कोणत्या प्रकारचा आहे हे तेथील रिक्षाचालकांना विचारावे. त्यांच्याइतकी अचूक माहिती कोणापाशी नसते.

विजेची गाडी घेत असाल तर

आपल्या जिल्ह्यात विजेच्या वाहनांचे वातावरण चांगले आहे. शहरातील उद्योजकांनी हरित वाहनांची चळवळ उभारून मोटारींची एकत्रित खरेदी केली. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत एथर एनर्जीने स्कूटरचा कारखाना जाहीर केला. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये या जिल्ह्यातील प्रकल्पासाठी राज्य शासनाशी करार केला. हे सारे अभिमानास्पद आहे. परंतु बिडकीनला कारखाना उभा राहिल्याने आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर प्लग येत नाही. तो आपणासच आणावा लागतो. त्यासाठी:

- *भार तपासा.* १६ अँपिअरच्या पक्क्या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॅटने चार्जिंग होते. ७ किलोवॅटचा चार्जर हवा असेल, तर मंजूर भार आधी वाढवून घ्यावा. परवानाधारक वीजतंत्रीकडून अर्थिंग तपासल्याशिवाय गाडी एक रात्रही चार्ज करू नये.
- *घरच्या मीटरवरून चार्जिंग करता येते*, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. वेगळी जोडणी हवी असल्यास ती मागण्याचा आपणास अधिकार आहे.
- *चार्जिंगची जागा जपून निवडा.* जिना, दाराशी असलेली एकमेव वाट किंवा ज्वलनशील माल ठेवलेली दुकानाची खोली येथे गाडी वा बॅटरी चार्ज करू नये. उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढे गेलेल्या दुपारी धावून आलेली बॅटरी थोडी निवू द्यावी, मगच प्लग लावावा.
- *हमीचा कागद वाचा.* मोटारींच्या बॅटरीस बहुधा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी असते. ती किती टक्के क्षमता उरण्याची आहे, दुसऱ्या मालकास लागू होते काय, आणि बॅटरी भाड्याने घेतली असल्यास भाडे थकल्यावर काय होते, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.
- *दुचाकीचा सुरक्षा-दाखला पाहा.* एआयएस-१५६ या मानकाच्या कडक झालेल्या अटी डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ पासून दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्याआधीच्या मालातील गाडी सवलतीत मिळते म्हणून घेऊ नये.
- *पल्ला स्वतः मोजा.* जाहिरातीतील आकड्याच्या सत्तर टक्के धरून चालावे. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाताना हवेचा विरोध बॅटरी झपाट्याने उतरवतो. नव्वदच्या आसपास चालवल्यास तीच गाडी पुष्कळ पुढे जाते. चार्जिंगची एक नव्हे, दोन ठिकाणे आधी हेरून निघावे.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी

भांडणाने प्लग येत नाही, अर्जाने येतो. आपल्या नावे असलेल्या वाहनतळाचा क्रमांक, वायर कोणत्या मार्गाने जाईल त्याचा आराखडा, वीजतंत्र्याचा दाखला, आणि सर्व खर्च व जबाबदारी आपली राहील असे हमीपत्र जोडून समितीकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सामाईक मीटरवरून वीज घेण्याचा आग्रह धरू नये. इतर सभासदांची हरकत बहुधा त्याच एका मुद्द्यावर असते, आणि स्वतंत्र मीटरची तयारी दाखवली की निम्मा विरोध मावळतो. तीन-चार सभासदांची गरज सारखी असेल, तर एकत्र अर्ज करून एक सामाईक चार्जर स्वतंत्र मीटरवर घेणे सर्वांना स्वस्त पडते. नकार आलाच तर तो सकारण व लेखी मागावा. पुढील दाद त्या कागदावर उभी राहते.

सवलती: चालू कोणत्या, सरलेल्या कोणत्या

सवलतींच्या बाबतीत जुनी माहिती फार काळ फिरत राहते. म्हणून गाडी नोंदवण्याच्या दिवशी पुढील गोष्टी पडताळाव्यात:

- राज्याचे नवे इलेक्ट्रिक वाहन धोरण एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केले. त्याची मुदत २०३० पर्यंत आहे. विजेच्या वाहनांना मोटार वाहन करात माफी आणि वाहनप्रकारानुसार मूळ किमतीच्या १० किंवा १५ टक्के, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत, अनुदान अशी त्याची रचना आहे. आपल्या वाहनास अनुदान लागू आहे काय, कोटा शिल्लक आहे काय आणि रक्कम बिलातच वजा होणार काय, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.
- समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू येथे विजेवरील प्रवासी चारचाकींना व बसगाड्यांना पथकरमाफी आहे. मालवाहू वाहनांना नाही. फास्टॅगवर गाडीचा क्रमांक व प्रकार बरोबर नोंदला आहे ना, ते प्रवासाआधी पाहावे.
- केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. तिचे खरेदी-अनुदान खासगी मोटारींना नाही. दुचाकींना पहिल्या वर्षी किलोवॅट-तासास ५,००० रुपये मिळत, दुसऱ्या वर्षी ते निम्मे झाले. म्हणून शेजाऱ्यास मिळालेली रक्कम आपणासही मिळेल असे गृहीत धरू नये.
- विजेच्या गाडीच्या कर्जावरील व्याजास आयकरात दीड लाखापर्यंत वजावट देणारे कलम ८०ईईबी हे ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतेच आहे. आज ती सवलत सांगून कोणी गाडी विकत असेल, तर तो आपली दिशाभूल करीत आहे.
- विजेच्या वाहनांवर जीएसटी ५ टक्के आहे, नोंदणी शुल्क माफ आहे, आणि त्यांना पीयूसी दाखला लागत नाही.

रिक्षा व मालवाहू वाहनांच्या चालकांसाठी

ज्याचे पोट गाडीच्या चाकावर आहे, त्याच्यासाठी रांगेत गेलेला तास हाही खर्चच. सीएनजीच्या रांगेत रोज तास मोडत असेल, तर त्या तासाची कमाई हिशेबात वजा करावी. चार्जिंगला लागणाऱ्या वेळेचेही तसेच, परंतु ते रात्री झोपेच्या वेळी होत असेल तर नुकसान नाही. ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने बॅटरीवर तसेच इथेनॉल व मिथेनॉलवर चालणाऱ्या व्यावसायिक वाहनांना परमिटच्या अटीतून सूट दिली आहे. लायसन्स, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र मात्र लागतेच. अशा गाडीची पाटी हिरवी व अक्षरे पिवळी असतात. खासगी गाडीची पाटी हिरवी व अक्षरे पांढरी. कर्ज घेताना हप्ता दैनिक कमाईच्या कोणत्या भागातून जाणार हे आधी ठरवावे, आणि कर्जाची मुदत बॅटरीच्या हमीपेक्षा लांब ठेवू नये.

लोक कोठे फसतात

- “लायसन्स नको, नंबर नको” असे सांगून विकलेली वेगवान स्कूटर. ही सूट केवळ ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या दुचाकीस आहे. वेग वाढवून दिलेली गाडी बेकायदा ठरते, आणि अपघात झाल्यास सारी जबाबदारी मालकावर येते.
- आरसीवर नोंद न करता बसवलेले स्वस्त किट.
- सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात नसलेल्या कंपनीची गाडी. बिघडलेली गाडी पुण्यास वाहून नेण्याचा खर्च वर्षाची बचत गिळतो.
- तोंडी दिलेला बॅटरीच्या हमीचा शब्द.
- जुनी विजेची गाडी घेताना बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल न मागणे.

आपले हक्क आणि दाद

- *वीजजोडणी.* वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पूर्ण अर्ज मिळाल्यापासून नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३, इतर नगरपालिका व महापालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे. ग्राहकाने मागितल्यास चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी द्यावयाची आहे. दिरंगाई झाल्यास १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा, नंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल असा मार्ग आहे.
- *पंपावरील माप.* मीटर शून्यावरून सुरू झालेला पाहणे, पावती मागणे आणि पेट्रोलचे माप शंकास्पद वाटल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासून मागणे हा आपला हक्क आहे. तक्रार वैधमापन विभागाकडे करावी.
- *सदोष गाडी वा सेवा.* प्रथम विक्रेता व उत्पादक या दोघांनाही लेखी कळवावे. निवारण न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही.
- *विमा.* कंपनीने दावा नाकारल्यास नकारापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. तृतीय-पक्ष विम्याच्या हप्त्यात विजेच्या गाडीस १५ टक्के व हायब्रिडला साडेसात टक्के सूट लागली आहे ना, तेही पाहून घ्यावे.
- *निकामी बॅटरी.* २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती भंगारवाल्यास देऊ नये.

एक विनंती

अजिंठ्याच्या लेण्यांना धुराची बाधा होऊ नये म्हणून आपण आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर उभी करतो आणि उरलेली वाट एसटीच्या बसने जातो. भिंतीवरच्या चित्रांसाठी आपण जी काळजी घेतो, तीच जालना रस्त्यावर शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या श्वासासाठी घेण्याची वेळ आलेली आहे. इंधन अवश्य बदलावे; परंतु महिनाभराची वही हाती असल्याशिवाय गाडी ठरवू नये, रोजच्या वाटेवरचा पुरवठा स्वतः पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये, आणि आरसी, विमा व हमी हे तिन्ही कागद पुरे झाल्याशिवाय पैसे पुरे देऊ नयेत.